व्यवस्थापनाची पदवी आणि गावचा व्यवसाय

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अड्याळ येथे, बारावीच्या निकालानंतर पालकांशी वार्तालाप करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. धानाच्या पऱ्ह्यांची कामे टाकून आलेल्या एका पालकाने विचारले, "साहेब, पोरगी बी.बी.ए. करतो म्हणते. बी.कॉम. अन् बी.बी.ए.त फरक काय, अन् ते करून इथं तिनं काय करावं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमांत आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यास मात्र शिक्षक, ग्रामपंचायत व महाविद्यालय या तिघांचाही हातभार लागतो.

प्रथम नियमांचे पाहू. भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. बी.कॉम.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. त्यासाठी सामायिक परीक्षा नाही. बी.बी.ए.ची स्थिती २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बदलली. बी.बी.ए., बी.एम.एस. व बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. बारावीची कोणतीही शाखा तिला चालते. २०२४ च्या पहिल्या परीक्षेत शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे होती आणि त्यांतील चाळीस प्रश्न एकट्या इंग्रजीचे होते. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी येथेच आहे. तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू करून भागत नाही. ती अकरावीतच सुरू व्हावी, हे कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

या बदलाचा एक परिणाम असा झाला की, राज्यातील काही महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचे नाव बदलून 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' असे काही ठेवले. नाव निराळे झाले म्हणून शिक्षण हलके झाले, असे समजण्याचे कारण नाही. परंतु प्रवेशाची वाट वेगळी झाली आणि वाट वेगळी झाली की सवलतीही बदलू शकतात. जुलै २०२४ मध्ये शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात व परीक्षाशुल्कात पूर्ण माफी दिली. हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी आहे. अर्जाची तारीख हुकली व मुलीने पुढे संस्थास्तरावर प्रवेश घेतला, तर हाती आलेली माफी निसटते. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा, हे सांगण्यास तलाठी व ग्रामसेवक यांच्याइतके जवळचे दुसरे कोण आहे?

आता पदवीची घडण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून राज्याने एप्रिल २०२३ मध्ये श्रेयांकांचा आराखडा ठरविला. श्रेयांक म्हणजे श्रमाचे माप. वर्गातील सुमारे पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या तीस तासांस एक. सत्राला २० ते २२, म्हणजे वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक झाले की पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास १६० ते १७६ श्रेयांकांची सन्मान पदवी. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तर चार श्रेयांकांचे जादा कौशल्यकाम करून प्रमाणपत्र घेता येते. दुसऱ्या वर्षानंतर त्याच रीतीने पदविका. पुढे परतण्याचीही सोय आहे. लग्न ठरले किंवा वडील आजारी पडले म्हणून ज्यांचे शिक्षण तुटते, अशा मुलींच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. पण शाळांतील सूचनाफलकांवर ती क्वचितच आढळते.

या श्रेयांकांत लेखाकर्म, अर्थशास्त्र, विपणन, व्यवसायविषयक कायदे हा मुख्य गाभा असतो. त्याच्या जोडीला दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, व्यावसायिक कौशल्ये, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण येते. विद्यार्थ्याच्या पदवीला स्वतःचा चेहरा येतो तो या जोडविषयांमुळे.

याचे एक दूरचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फेरिस स्टेट विद्यापीठाने १९७५ साली व्यवसायशिक्षणाच्या पदवीत गोल्फ-व्यवस्थापनाचा विशेष अभ्यास सुरू केला. आपल्याकडील वाचकास हे काहीसे चैनीचे वाटेल. पण त्याची रचना पाहावी. विद्यार्थी लेखाकर्म व विपणन शिकतो, मैदानावरील हिरवळीची निगा शिकतो, खेळ शिकविण्याची रीत शिकतो, स्वतः खेळून कसोटी उतरतो आणि सोळा महिने मैदानांवर उमेदवारी करतो. व्यवसायाची सर्वसाधारण विद्या आणि एका धंद्याची अंतर्बाह्य ओळख यांची तेथे सांगड घातलेली आहे. तेथे धंदा गोल्फचा होता, म्हणून विषय गोल्फचा झाला.

अड्याळच्या परिसरात कोणता धंदा आहे? धान आणि धानगिरण्या आहेत, तलावांतील मासेमारी आहे. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ साली बसविण्यात आली. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ सालापासून आहे. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून तेथे आलेल्या 'जय' नावाच्या वाघाने या जंगलाचे नाव देशभर नेले. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने यावरून प्रश्न विचारावयास हवा: ज्या पर्यटनाची ओढ एका वाघावर उभी आहे, त्यातील वाटाड्याने व वाहनचालकाने तो वाघ गेल्यावर काय करावे? स्तूप पाहावयास येणारा, जलाशय पाहावयास येणारा आणि जंगलात जाणारा प्रवासी एकाच मुक्कामात आणता येईल काय? पर्यटन-व्यवस्थापनाच्या उत्तम पाठ्यपुस्तकातही याचे तयार उत्तर सापडणार नाही. ते पवनीतच शोधावे लागेल.

क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांची योजना नेमकी अशाच कामासाठी आहे. अनुभव मात्र असा की, विद्यार्थी नागपुरातील एखाद्या कचेरीचे पत्र मिळवितो, तेथे चार दिवस बसतो आणि दुसऱ्याचा अहवाल उतरवून देतो. महाविद्यालयांना त्यात सोय वाटते. चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण म्हणजे तीस तासांच्या हिशेबाने एकशे वीस तास होतात. तेवढ्या वेळात धानगिरणीतील तूस, कोंडा व कणीचा हिशेब मांडता येतो, मच्छीमार सहकारी संस्थेच्या पाच वर्षांच्या ताळेबंदांची तुलना होते किंवा गावच्या आठवडी बाजाराच्या लिलावातून पंचायतीस काय मिळते व बाजाराच्या स्वच्छतेवर काय खर्च होते, हे कागदावर येते.

असे काम मिळण्यासाठी विद्यार्थ्यास यजमान संस्थेचे संमतीपत्र लागते. ते ग्रामपंचायतीने, सेवा सहकारी संस्थेने किंवा बचतगटांच्या संघाने द्यावयास हरकत नसावी. सत्र सुरू होताच मासिक सभेत विषय घेऊन, आपल्या गावात कोणती दोन-तीन कामे विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील, याची यादी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे पाठविली, तर पुढचा पत्रव्यवहार सोपा होतो. हजेरीचे पुस्तक मात्र पंचायतीने स्वतःकडे ठेवावे आणि झालेल्या तासांवरच सही करावी.

त्या पालकांच्या मुलीने पुढे कोणता अर्ज भरला, हे विचारण्यासाठी पुन्हा अड्याळला जावयाचे आहे.