टोपणनावाने प्रेमकथा लिहायची, तर खर्च किती?

माझा एक मित्र दिवसा नोकरी करतो आणि रात्री दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहितो. अर्थात टोपणनावाने. डिसेंबरात त्याने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पुढच्या वर्षाचा बेत मांडला: एक कादंबरी, एक लघुकादंबरी फक्त ई-बुक म्हणून, आणि दिवाळी अंकासाठी एक कथा. शेजारी खर्चाचा रकाना आखला आणि त्यात एकच ओळ लिहिली: 'छपाई, ४० हजार?' तो रकाना आम्ही दोघांनी बसून पुन्हा भरला. असा बेत आखणारे आणखीही असतील, म्हणून तो हिशेब इथे देतो. दर आम्ही विचारपूस करून धरलेले आहेत. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण खर्चाच्या बाबी याच राहतील.

कादंबरी पन्नास हजार शब्दांची धरली. डेमी आकारात ती १७६ पानांची, म्हणजे सोळा पानी अकरा फॉर्मची होते. फॉर्मचा हिशेब आधीच करा. १७८ पानं झाली तर छापखाना पुढच्या फॉर्मचा खर्च लावतो आणि मागे कोरी पानं राहतात.

पहिली बाब संपादनाची, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. शब्दाला पन्नास पैसे धरले तर २५,००० रुपये. मित्राच्या कपाळावर आठ्या आल्या. पण या प्रकारच्या लेखनात संपादक फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत नाही. मराठीत शरीराच्या जवळिकीची भाषा एक तर संस्कृताळलेली होते, नाही तर शिवराळ. मधली, घरात बोलतो तशी भाषा सापडायला दुसऱ्या डोळ्यांची गरज लागते. शिवाय समलिंगी नायक आणि तृतीयपंथी पात्र यांची गल्लत करणारा संपादक गाठ पडला तर पैसे पाण्यात. आधी दहा पानं करून मागा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि मगच सगळी संहिता हातात द्या.

मुद्रितशोधन दोनदा, पानाला वीस रुपये दराने ७,०४० रुपये. मुखपृष्ठ ८,०००. इथे काटकसर चालेल, पण फुकटातला फोटो उचलू नका. फोटोतल्या माणसाला आपण समलिंगी प्रेमकथेच्या मुखपृष्ठावर आहोत हे ठाऊक नसेल, तर भानगड फोटोग्राफरपुरती राहत नाही. चित्र काढून घेणं बरं. अक्षरजुळणी पानाला तीस रुपये, म्हणजे ५,२८०.

अक्षरजुळणीत मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी 'सगळं आम्ही बघतो' म्हणणाऱ्या एका पॅकेजवाल्याला मी माझ्या कथासंग्रहासाठी साठेक हजार मोजले. पुस्तक देखणं निघालं. पुढे ई-बुक करायला गेलो तेव्हा कळलं की सगळी जुळणी श्रीलिपीत आहे आणि माझ्याकडे आहे ती फक्त पीडीएफ. युनिकोडमध्ये बदलताना रफार, ऱ्या, जोडाक्षरं सगळी विस्कटली, आणि मुद्रितशोधनाचे पैसे पुन्हा मोजावे लागले. तेव्हा डीटीपीवाल्याशी बोलताना पहिलंच वाक्य हे ठेवा: जुळणी युनिकोडमध्ये हवी आणि मूळ उघडी फाइल माझ्या हातात हवी. कागदावर लिहून घ्या.

इथवर ४५,३२० रुपये झाले आणि एकही प्रत छापलेली नाही. आता मित्राची ती छपाई. डिजिटलवर २०० प्रती, प्रत ९५ रुपये: १९,०००. एकूण ६४,३२०. किंमत ठेवली २५० रुपये. पुस्तकविक्रेत्याचं कमिशन ४० टक्के धरलं की हातात दीडशे. चार प्रती ग्रंथालयांना आणि सोळा अभिप्रायासाठी वाटल्या, तर उरतात १८०. त्या सगळ्या विकल्या गेल्या तरी येतात २७,०००. तोटा ३७,३२०, तोही शेवटची प्रत संपल्यावर. मित्र बराच वेळ गप्प बसला.

आम्ही तोडगा काढला तो असा: दुकानांचा नाद सोडायचा, आधी मागणी घ्यायची आणि तेवढ्याच प्रती छापायच्या. साठ जणांनी आगाऊ पैसे भरले तर ६४ प्रती छापायच्या. प्रत महाग पडते, ११० रुपयांना. पण पूर्ण किंमत हातात येते आणि छपाई वजा जाऊन आठ हजारांच्या आसपास उरतात. त्यांनी संपादकाचे पैसे भरून निघत नाहीत, हे खरंच. निदान पलंगाखाली गठ्ठे तरी राहत नाहीत, आणि ते गठ्ठे कसले म्हणून कुणी विचारत नाही. टपालासाठी ज्ञान पोस्ट बघा. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००. ७० जीएसएम कागदावर १७६ पानी डेमी पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या आत बसतं. आपलं पुस्तक त्या सेवेत बसतं का, ते मात्र काउंटरवर आधी विचारून घ्या.

ज्यासाठी पैसे लागत नाहीत किंवा नाममात्र लागतात, अशाही गोष्टी आहेत. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, व्यक्तिगत लेखकालाही. कॉपीराइट लिहिल्या क्षणीच आपला होतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. आणि तुम्हीच प्रकाशक असाल तर १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. वर ज्या चार प्रती काढून ठेवल्या त्या याच.

पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. मित्राने ती नाकारली. सरकारी अर्ज खऱ्या नावाने करायचा आणि मग गुपित राखायचं, हे त्याला झेपणारं नव्हतं.

ई-बुकचा हिशेब सोपा, पण त्यात एक मेख आहे. किंडलवर मराठी पुस्तक टाकायला शुल्क नाही. मानधन ३५ किंवा ७० टक्के. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर किंडलच्याच केडीपी सिलेक्ट या योजनेत पुस्तक नोंदवावं लागतं, आणि मग नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे तीच लघुकादंबरी प्रतिलिपी या ॲपवर भागाभागाने चालू असेल तर ती आधी उतरवायची. मी मित्राला उलटा क्रम सुचवला: आधी काही महिने प्रतिलिपीवर फुकट वाचू द्या, वाचक जमले की उतरवा, मग किंडल.

आता ती बाब, जी कुठल्याच पॅकेजमध्ये नसते: नाव लपवण्याचा खर्च. किंडलवर टोपणनाव चालतं, पण पॅन आणि बँक खातं खऱ्या नावाचंच. ते वाचकाला दिसत नाही, त्यामुळे तिथे धोका कमी. धोका यूपीआयमध्ये आहे. वाचकाने अडीचशे रुपये पाठवले की त्याच्या मोबाइलवर तुमचं बँकेतलं नाव झळकतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो, पुस्तकात प्रकाशकाचा पत्ता छापलेला असतो. मित्राने यावर दोन उपाय केले. पोस्ट बॉक्स घेतला आणि पैसे गोळा करण्याचं काम एका विश्वासू मैत्रिणीवर सोपवलं, तिच्या मेहनतीचे पैसे देऊन. कायद्याची एक बारीक बाबही इथेच येते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. टोपणनावाच्या पुस्तकाचा, खरं नाव कधीच उघड झालं नाही तर, प्रकाशनापासून साठ वर्षंच. मित्र म्हणाला, "तोवर मी कुठे असणार?" मी म्हटलं, पुतण्या असेल.

विषयाची धास्ती किती बाळगावी? ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. त्याआधीच बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर' आलं होतं आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली आली होती. धोका राहतो तो अश्लीलतेच्या कलमाचा, भारतीय न्याय संहितेचं २९४. ते स्त्री-पुरुषांच्या कथेलाही तितकंच लागू आहे. पात्रं अठरा वर्षांपुढची असल्याचं मजकुरात स्पष्ट ठेवा. मनात शंका असलेली चार-पाच पानं वकिलाकडून वाचून घ्या. तेवढ्यासाठी आम्ही ३,००० बाजूला काढले.

'कोबाल्ट ब्लू'वरून आठवलं. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०१३ साली आला. २०२२ साली कुंडलकरांनी स्वतःच तिच्यावर केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. मूळ पुस्तकानंतर सात वर्षांनी आणि सोळा वर्षांनी. प्रकाशक मिळाला आणि करार पुढे आला, तर अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. 'सर्व हक्क' या दोन शब्दांवर सही करू नका.

दिवाळी अंकाच्या कथेला खर्च शून्य. ती जूनच्या आत संपादकाकडे गेली पाहिजे, गणपतीत पाठवून उपयोग नाही. मानधन मिळालं तर फराळापुरतं. पण नवा वाचक आयता मिळतो, तोही असा की ज्याने हे पुस्तक आपणहून कधी उघडलं नसतं.

प्रकाशन समारंभ मित्राने वगळला. सभागृह, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, बटाटेवडा यांत पंधरा हजार सहज जातात, आणि व्यासपीठावर लेखकाची खुर्ची रिकामी.

त्याच्या रकान्यात आता संपादनाचे २५,००० सगळ्यांत वर आहेत आणि छपाई तळाशी. मागणी नोंदवलेले वाचक आजवर ४३ झालेत. तुम्हीही बेत आखत असाल तर एक करा: आयएसबीएनसाठी वेगळे पैसे लावणारं कोटेशन आलं, तर त्या माणसाला दुसरा फोन करू नका.