दप्तर तोलणारी खुंटी

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आरोग्यावर करायचा ठरला की पहिली धाव असते ती सेन्सर घ्यायला. ती थांबवा. आधी शाळा भरायच्या वेळी मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी उभे राहा. दप्तराचे पट्टे पुढे ओढून धरत, वाकून चालणारी तिसरी-चौथीची पोरं दिसतील. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर नको, असा राज्य शासनाचा २०१५ पासूनचा नियम आहे. केंद्राच्या २०२० च्या धोरणातही हीच मर्यादा आहे. म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. त्यातले दीड-पावणेदोन किलो रिकामं दप्तर आणि लिटरची भरलेली बाटलीच खाते.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती घेऊन एका वर्गाची दप्तरं तोला. वहीत इयत्ता आणि वजन एवढंच लिहा, नावं नकोत. मग एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना भेटा. पवईच्या आयआयटीतल्या, वैद्यकीय उपकरणांवर काम करणाऱ्या बेटिक केंद्राचा शिरस्ताच असा आहे : गरज डॉक्टरांकडून समजून घ्यायची आणि तयार वस्तू पुन्हा डॉक्टरांपुढेच ठेवायची.

आता मुख्य प्रश्न, वजन कळायला कुठे हवं? शाळेत कळून उपयोग नाही, तिथे मूल दप्तरातून काढून ठेवणार कुठे? म्हणून काटा घरी हवा, दाराजवळच्या खुंटीलाच, रात्री दप्तर भरून होतं तिथे.

साहित्य फार नाही. २० किलोचा पट्टीसारखा लोडसेल, एचएक्स ७११ बोर्ड, आर्डुइनो नॅनो, छोटा डिस्प्ले, दोन बटणं, मोबाइलचा जुना चार्जर, लोखंडी पट्टी आणि हूक. लॅमिंग्टन रोडची एक फेरी पुरते.

लोडसेलचं एक टोक पट्टीला बोल्टने आवळा, दुसऱ्या टोकाला हूक लावा. सेलवरचा बाण खाली यायला हवा. पट्टी आणि सेल यांच्यामध्ये वॉशर घाला. सेल पट्टीला सपाट टेकला तर वाकणार कसा, आणि वाकला नाही तर वजन काय सांगणार? मोकळ्या टोकाखाली केसभर अंतर ठेवून एक स्क्रू बसवा. खुंटीला पोर लोंबकळलं तरी सेल वाचेल. (लोंबकळतंच.) भिंत भुसभुशीत असेल तर गिलाव्यावर विसंबू नका, प्लग विटेत जाऊ द्या. उंची मुलाच्या खांद्याइतकी.

सेलची लाल-काळी तार एचएक्स ७११ बोर्डाच्या ई अधिक आणि ई उणे खुणांना, हिरवी-पांढरी ए अधिक आणि ए उणेला. वजन टांगल्यावर आकडा उणे गेला तर हिरवी-पांढरीची अदलाबदल करा. प्रोग्रॅममध्ये एकच वाचन न घेता दहांची सरासरी घ्या.

काट्याचं माप लावणं हा खरा प्रकल्प. पाच लिटरचा कॅन वाण्याकडच्या, वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या काट्यावर रिकामा तोलून घ्या. मग त्यात एकेक लिटर पाणी वाढवत खुंटीला टांगा, लिटरमागे किलो. प्रत्येक टप्प्याला फरक ५० ग्रॅमच्या आत हवा. दप्तर रात्रभर टांगलेलं राहिलं की आकडा हळूहळू सरकतो, म्हणून टांगल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतलं वजन धरा आणि खुंटी रिकामी झाली की शून्य पुन्हा लावून घ्या.

डिस्प्लेवर एकूण वजन दाखवू नका. मुलाचं वजन बटणांनी एकदा भरून ठेवायचं, दर तिमाहीला बदलायचं, आणि दाखवायचं एवढंच : ‘४०० ग्रॅम काढ’. आकडेमोड यंत्राने करावी, मुलाने फक्त वही उपसावी. बाहेरचे परीक्षक ‘ॲप कुठे आहे?’ असं विचारतीलच. तरी मोह आवरा, दप्तर भरताना आईचा फोन गॅसच्या ओट्यापाशी असतो.

शेवटी खुंटी दोन-चार घरांत महिनाभर लावा आणि रोज काय काढलं जातं ते पालकांना टिपायला सांगा. बाटली निम्मी होत असेल, तर शाळेतल्या पिण्याच्या पाण्याची चौकशी करा. एकच जाड पुस्तक वारंवार घरी राहत असेल, तर ती यादी आणि वेळापत्रक घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.