नरक्या : एका दुर्गंधी झाडाची शास्त्रीय ओळख



बँकेतल्या कारकुनाचा वनस्पतिशास्त्राशी काय संबंध, असे कोणीही विचारील. आम्ही कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्र शाळेत सुटले ते सुटलेच. परंतु कर्मचाऱ्यांची वैद्यकीय बिले तपासण्याचे काम काही वर्षे आमच्या टेबलावर होते. एका सहकाऱ्याच्या मातुःश्रींना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता व त्यांच्या बिलांत 'इरिनोटेकॅन' हे नाव वरचेवर येई. त्याच सुमारास गावाकडून कोणी त्यांना एका सालीची पूड पाठविली. "याच झाडाच्या द्रव्यापासून ते औषध होते, मग महागड्या सुया कशाला?" असा निरोपही सोबत होता. सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "भाऊ, हे खरे का हो?" आम्हांला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचन केले, त्याचे सार येथे मांडीत आहोत.

झाडाची ओळख

त्या झाडाचे नाव नरक्या. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या ग्रंथांत ते मॅपिया फीटिडा या नावाने आढळते. 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी. फुलांच्या घाण वासावरून मराठी माणसाने व लॅटिन पंडिताने एकच अर्थ साधला, ही मौज आहे. हा लहान वृक्ष सह्याद्रीच्या ओल्या, दाट रानात वाढतो. आपल्याकडे महाबळेश्वर, कोयना, आंबोली या परिसरात तो आढळतो. सर्वच झाडांना फळे धरत नाहीत. काही झाडांवर केवळ नर-फुले येतात. म्हणून रानातील फळणारी झाडे तोडली गेली, तर उरलेली झाडे हिरवी दिसूनही बी पडत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

द्रव्याचा शोध

नरक्यातील मुख्य द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन. ते प्रथम सापडले एका चिनी वृक्षात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील संशोधनसंस्थेत मन्रो वॉल व मनसुख वाणी या जोडीने १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी म्हणजे १९२५ साली आपल्या खानदेशातील नंदुरबार येथे जन्मलेले व मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले गृहस्थ. २०२० साली त्यांचे निधन झाले. नंदुरबारच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असेल?

पुढे १९७२ साली डॉ. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी हेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखविले. चिनी वृक्ष व नरक्या ही जवळची भावंडे नव्हेत, तरीही दोहोंच्या अंगी एकच विष आहे. चालता न येणाऱ्या झाडाला किडीपासून व चरणाऱ्या जनावरांपासून बचावासाठी अशी रसायने उपयोगी पडतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

औषध कसे काम करते?

सुताच्या दोरीला फार पीळ बसला की ती गुंतते. पेशीतील डी.एन.ए.च्या धाग्याचेही तसेच आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी हा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी पेशीत टोपोआयसोमरेज नावाचे विकर असते. ते दोन पदरांपैकी एक कापते, पीळ सोडते व कापलेला पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके मधल्या क्षणी आड येते. पदर कापला जातो, पण जोडला जात नाही. पेशी दुभंगू लागली की धागा तुटतो आणि पेशी मरते. ही क्रिया १९८५ साली उलगडली.

मग हे विष बनविणाऱ्या वनस्पती स्वतः कशा वाचतात? याचेही उत्तर २००८ साली मिळाले. हे द्रव्य बनविणाऱ्या काही वनस्पतींच्या विकरातच असा सूक्ष्म बदल झालेला आहे की, तेथे हे विष चिकटतच नाही. माणसाच्या पेशीत अशी सोय नाही.

पूड का घेऊ नये?

कर्करोगाच्या पेशी झपाट्याने दुभंगतात, म्हणून त्या आधी मरतात. परंतु केसांची मुळे, आतड्याचे अस्तर व रक्त बनविणारा मगज येथील निरोगी पेशीही भराभर दुभंगतात. त्यांनाही इजा होते. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा क्षार करून प्रारंभी रुग्णांना देण्यात आला. तेव्हा मूत्राशयाला गंभीर दाह होऊन लघवीवाटे रक्त जाऊ लागले व १९७२ च्या सुमारास त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत फेरबदल करून इरिनोटेकॅन व टोपोटेकॅन ही औषधे तयार झाली. अमेरिकेत दोहोंना १९९६ साली मान्यता मिळाली. आजही ती रक्ततपासणी करून, मात्रा मोजूनच देतात.

शुद्ध द्रव्याची ही कथा, तर चमचाभर पुडीत किती विष आहे हे कोण सांगणार? झाडागणिक त्याचे प्रमाण बदलते. म्हणून सहकाऱ्यास आम्ही सांगितले, "झाडाची गोष्ट खरी आहे, पण पूड म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांना दाखविल्यावाचून काही देऊ नका." डॉक्टरांनी ती पूड बंद ठेवण्यास सांगितले. मातुःश्रींच्या सुया ठरल्याप्रमाणे पूर्ण झाल्या.

मुद्दल आणि व्याज

आता दुसरी बाजू. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य शेकडा अर्धा टक्काही भरत नाही. म्हणजे शंभर किलो लाकडामागे अर्धा किलोही नाही. मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. रात्री कुऱ्हाड चालविणाऱ्या मजुराच्या हाती चार पैसे पडतात, गुन्हा त्याच्या नावावर लागतो व नफा दूरच्या व्यापाऱ्याकडे जातो. फळणारे झाड पडले की पुढची पिढीही गेली.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे मुद्दल खाणे झाले. व्याजावर जगता येते, याचा दाखला वाणींच्याच दुसऱ्या शोधात आहे. त्यांनी व वॉल यांनी अमेरिकेतील यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगविरोधी द्रव्य काढून १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. साल सोलली की झाड मरते, म्हणून तेथेही मोठी चिंता होती. अखेर युरोपातील यू वृक्षाच्या पानांतून जवळचे द्रव्य काढून त्यापासून टॅक्सॉल बनविण्याची रीत निघाली. पाने पुन्हा येतात. झाड राहिले आणि औषधही मिळाले.

नरक्याबाबतही वाटा आहेत. तो खोडापासून पुन्हा फुटतो. भरपूर द्रव्य देणारी झाडे निवडून त्यांची लागवड करता येते. त्याच्या अंगात राहणारी एक बुरशी हे द्रव्य बनविते, असे २००५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. मात्र अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या की उत्पादन घटते, ही अडचण आहे. हे कोडे सोडविण्यास विद्यार्थ्यांना वाव आहे.

आपण काय करावे?

जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. गावच्या वनस्पतींची नोंदवही ही समिती तयार करते. घाटाखालच्या वा घाटावरच्या गावी ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी आपल्या गावच्या वहीत नरक्याची नोंद आहे का, हे सुटीत जरूर पाहावे. नसेल तर जाणत्या माणसाला घेऊन ती करवून घ्यावी. घरी कोणी आजारी असता कोणी मुळी-साल आणून दिली, तर देणाऱ्याचा अपमान न करता ती आधी डॉक्टरांपुढे ठेवावी.

ज्या झाडाला घाणीमुळे नरकाचे नाव मिळाले, त्याचे द्रव्य आज कित्येक रुग्णांच्या उपयोगी पडत आहे. नावावरून वा वासावरून कोणाचीही किंमत ठरवू नये, हा धडा आपल्या समाजाला निराळा सांगावयास नको. किंमत कळते ती अभ्यासाने, आणि ती कळण्याआधी कुऱ्हाड पोहोचू नये, एवढेच आमचे मागणे आहे.