विकेंद्रित समूहाची वाढ

संगणकांच्या जाळ्यावर समूह उभारण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत सर्वांच्या नोंदी एकाच संस्थेपाशी राहतात आणि नियमही तीच संस्था करते. दुसऱ्या रीतीत अनेक स्वतंत्र केंद्रे असतात. त्यांचे चालक व नियम निराळे, परंतु परस्परांशी व्यवहार करण्याचे संकेत समान असतात. ईमेलची व्यवस्था याच तत्त्वावर चालते. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे दुसऱ्या रीतीचे ठळक उदाहरण होय. त्यातील केंद्रे ज्या संकेतांनी जोडली जातात, त्या अ‍ॅक्टिव्हिटीपबला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एका ज्येष्ठ वकिलांचे ट्विटरवरील खाते बंद केले गेले, तेव्हा अनेक भारतीय निषेध म्हणून मॅस्टोडॉनकडे वळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभरातून याहून मोठी लाट आली. दोन्ही लाटा ओसरल्या. असे का व्हावे?

पहिली अडचण दारातच होती. नवागताला आधी केंद्र निवडावे लागे, आणि निवड कशाच्या आधारे करावी हे त्याला उमगत नसे. मे २०२३ मध्ये चालकांनी आपले स्वतःचे केंद्र त्याच्यापुढे प्रथम ठेवण्यास प्रारंभ केला. प्रवेश सुलभ झाला. परंतु सर्वजण एकाच केंद्रात गोळा झाले, तर विकेंद्रीकरणाचा हेतूच लोप पावतो.

यावरील उपाय दार पुन्हा अवघड करणे हा नव्हे. बाहेर पडण्याची वाट रुंद करणे हा आहे. मॅस्टोडॉनवर केंद्र बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, जुने लेखन मात्र नव्या केंद्रात येत नाही. एखाद्या लहान केंद्राचा चालक थकला वा त्याच्याजवळचा पैसा संपला, तर केंद्र बंद पडते आणि सभासदांचे वर्षानुवर्षांचे लेखन तेथेच राहते. ही भीती असेतोवर माणसे मोठ्याच केंद्राचा आश्रय घेणार.

म्हणून अशा समूहाची वाढ केवळ सभासदांच्या संख्येने मोजू नये. लहान केंद्रांना देखरेखीसाठी माणसे आणि पैसा मिळतो काय, आणि सभासदाला आपले लेखन घेऊन निघता येते काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. जेथून निर्धास्तपणे निघता येते, तेथेच माणूस निर्धास्तपणे राहतो.