अधिक आठवड्याचे कॅलेंडर

दरवर्षी डिसेंबरात भिंतीवरचे जुने कॅलेंडर उतरते आणि नवे लागते. जुनेच पुन्हा का चालत नाही? तारखा त्याच असतात, पण वार बदलतात. २०२४ साली १५ ऑगस्टला गुरुवार होता, २०२५ साली शुक्रवार. ३६५ ला ७ ने भागून पाहा. भागाकार ५२ येतो आणि बाकी १ उरते. लीप वर्षात ही बाकी २ असते. सारा घोटाळा या बाकीचा आहे.

बाकीचे काय करावे? एक उपाय १९३० साली अमेरिकेतील एलिझाबेथ अकेलिस यांनी ‘जागतिक कॅलेंडर’ या योजनेत मांडला. उरलेल्या दिवसाला वारच द्यायचा नाही! भारतात डॉ. मेघनाद साहा या योजनेचे पुरस्कर्ते होते आणि १९५४ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत तिची बाजू मांडली. पण बिनवाराचा दिवस आला की सात दिवसांची अखंड साखळी तुटते. शनिवार, रविवार किंवा शुक्रवार पवित्र मानणाऱ्यांचा याला विरोध झाला आणि योजना मागे पडली.

दुसरा उपाय आपल्या पंचांगाच्या धाटणीचा आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. पंचांगकर्ते ही तूट साठू देतात आणि महिन्याएवढी झाली की अधिक मास घालतात. तसेच उरलेले दिवस साठवून ‘अधिक आठवडा’ घातला तर? चला, असे कॅलेंडर आपणच तयार करू.

प्रथम साधे वर्ष ५२ आठवड्यांचे, म्हणजे ३६४ दिवसांचे धरू. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची, म्हणजे बरोबर १३ आठवड्यांची होते. तिचे महिने ३०, ३० आणि ३१ दिवसांचे घेऊ. १ जानेवारीला सोमवार ठेवला, तर प्रत्येक तिमाही सोमवारीच सुरू होईल. दुसरा महिना नेहमी बुधवारी व तिसरा शुक्रवारी सुरू होईल. मग १५ ऑगस्टला कायम बुधवार आणि २६ जानेवारीला कायम शुक्रवार!

आता अधिक आठवडा केव्हा घालायचा ते ठरवू. वाण्याच्या वहीसारखा हिशेब ठेवा. साध्या वर्षाचा १ दिवस जमा, लीप वर्षाचे २ जमा. वर्षअखेर शिल्लक ४ किंवा अधिक झाली की डिसेंबरनंतर एक आठवडा घाला व ७ वजा करा. ७ होईपर्यंत का थांबायचे नाही? कारण ४ ही संख्या ० पेक्षा ७ ला जवळ आहे. अपूर्णांक पूर्णांकात आणताना आपण हेच करतो.

१ जानेवारी २०२४ ला सोमवारच होता. तेथून शून्य शिलकेने सुरुवात करू. २०२४ लीप, शिल्लक २. २०२५ अखेर ३. २०२६ अखेर ४, म्हणून अधिक आठवडा. शिल्लक उणे ३, म्हणजे तीन दिवस उसने. पुढे २०२७ अखेर उणे २, २०२८ लीप असल्याने शून्य, नंतर १, २, ३ आणि २०३२ अखेर ५. पुन्हा अधिक आठवडा. शिल्लक उणे ३ ते ३ यांच्या बाहेर कधीच जात नाही. म्हणून नववर्षदिन आजच्या २९ डिसेंबर ते ४ जानेवारी यांच्या दरम्यानच राहतो. आठवड्यांना क्रमांक देण्याच्या आय.एस.ओ. ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही ५३ आठवड्यांची वर्षे नेमकी हीच येतात.

हा मेळ कायम टिकेल का? ग्रेगरियन पद्धतीत ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात. याला ७ ने भागले की बरोबर २०,८७१ आठवडे येतात, बाकी शून्य! ४०० × ५२ = २०,८००. म्हणजे ४०० वर्षांत ७१ अधिक आठवडे घातले की हिशेब चुकता होतो.

मात्र या सोयीची किंमत आहे. आज वर्षातील सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरच्या आसपास येतो; नव्या कॅलेंडरात तो सुमारे आठवडाभर मागेपुढे सरकेल. ३१ मे, ३१ जुलै अशा पाच तारखा नाहीशा होतील. शिवाय अधिक आठवड्यात जन्मलेल्यांचा वाढदिवस पाच-सहा वर्षांनी येईल. अशी मुले २९ फेब्रुवारीला जन्मणाऱ्यांच्या पाचपट असतील, कारण ४०० वर्षांत २९ फेब्रुवारी ९७ वेळा येतो आणि अधिक आठवड्यांचे दिवस ७१ × ७ = ४९७ होतात. चंद्रावर चालणारी गणेश चतुर्थी किंवा ईद तर तशीही स्थिर होणार नाही.

सूर्य, चंद्र आणि आठवडा यांना एकमेकांनी नि:शेष भाग जात नाही. म्हणून बाकी मुळीच नसलेले कॅलेंडर कोणालाच करता येणार नाही. बाकी कोठे ठेवायची, एवढेच आपल्या हाती असते.

करून पाहा : (१) वरील वही पुढे चालवा. २०३२ नंतरचा अधिक आठवडा कोणत्या वर्षी येईल? (२) ‘५ ने भाग जाणारे वर्ष अधिक आठवड्याचे, ४० ने भाग गेल्यास नाही, पण ४०० ने भाग गेल्यास पुन्हा होय.’ या नियमानेही ४०० वर्षांत ७१ च अधिक आठवडे येतात हे दाखवा. दोहोंपैकी कोणत्या नियमात नववर्षदिन जास्त सरकेल?