पगांचं असंच असतं?

सोलापुरात पग पाळणाऱ्याला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. गल्लीतली पोरं म्हणतात, "काय बे, झोपलंय का भांडतंय?" आणि जाणती माणसं म्हणतात, "पगांचं असंच असतं, घोरतातच ते." पोरांना निदान प्रश्न तरी पडतो. जाणत्यांच्या वाक्याने आमच्या मोत्याचा अख्खा हिवाळा वाया गेला, आणि उपचाराला खरा योग्य काळ हिवाळाच होता.

मोत्या मूळचा पुण्याचा. मुलाने हौसेने घेतला, पुढे त्याची बदली बेंगळुरूला झाली आणि कुत्रं जुळे सोलापुरात आमच्याकडे आलं. असं पुष्कळ घरांत झालंय. हौस मुलांची, सकाळ-संध्याकाळचा फेरफटका आईबापांचा. या जातीची हौस आपल्याकडे वाढवली ती हच या मोबाइल कंपनीच्या 2003 च्या जाहिरातीने. लहान मुलामागे निमूट चालणारा तो पग घराघरांत लाडका झाला. जाहिरातीत कुत्र्याचा श्वास ऐकू येत नाही, एवढंच.

आमच्याकडे तो ऐकू येत होता. जिना चढला की घशातून खरखर. जेवताना मध्येच थांबून पांढरा फेस ओकणं. रात्री तो कॉटच्या कडेवर हनुवटी टेकवून, मान उंच करून झोपायचा; कधी तोंडात रबरी चेंडू धरूनच. आम्ही त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, सगळ्यांना गंमत वाटली. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की तोंड मिटलं की श्वास अडतो, म्हणून कुत्रं तोंड उघडं राहील अशी युक्ती शोधून काढतं. बसल्या-बसल्या डुलक्या घेणं हेही त्यातलंच. तुमच्या घरचं चपट्या तोंडाचं कुत्रं, मग तो पग असो, फ्रेंच बुलडॉग असो की शिट्झू, असं झोपत असेल तर फोटो काढा, पण तो डॉक्टरांना दाखवायला.

बिघाड कुठे असतो ते समजून घ्यायला हवं. माणसाने निवड करकरून या कुत्र्यांचा जबडा आणि नाकाचं हाड आखूड केलं, पण आतलं मांस त्या मानाने आखडलं नाही. दुहेरी सोलापुरी चादर पत्र्याच्या छोट्या पेटीत कोंबावी तसा प्रकार. नाकपुड्या चिरेएवढ्या, मऊ टाळू लांब होऊन श्वासनळीच्या तोंडावर लोंबतो, जीभ जाड. अशा अरुंद वाटेतून हवा ओढायला कुत्रं जोर लावतं, आणि त्या ओढीने स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या उलटून वाटेत येतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर स्वरयंत्राची कूर्चाच ढिली पडून आत कोसळू लागते. त्या टप्प्यावर गेलेल्या कुत्र्याला शस्त्रक्रियेचा फायदा कमी होतो. 'बघू, मोठा झाला की कमी होईल' हे म्हणूनच महागात पडतं. हा त्रास वाढतो, आपोआप कमी होत नाही.

त्यात आपलं ऊन. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर धापा टाकायच्या, म्हणजे नाक, जीभ आणि घसा यांवरून भरपूर हवा खेळवायची. ज्याची हवेची वाटच बुजलेली, तो 43 अंशांत काय करणार? धापा टाकल्याने घसा सुजतो, सुजेने वाट आणखी अरुंद होते, म्हणून तो आणखी जोराने धापा टाकतो. एप्रिलमध्ये दुपारी वीज गेली आणि तासाभरात मोत्या आडवा झाला. जीभ जांभळी, डोळे फिरलेले. फोनवर डॉक्टर म्हणाले, आधी गार करा, मग गाडीत घाला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या वेळी हात पोळेल असं असतं. पण तेव्हा सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे घरात पिंपं भरलेली होती. ती साठवण त्या दिवशी कामाला आली. पोट, काखा, मांड्या यांवर सारखं पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो थोड्या वेळात तापतो आणि उष्णता कोंडतो. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट; 106 च्या जवळ गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी सगळ्यांनाच धोका. मोत्या वाचला.

त्यानंतर तपासण्या. केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने या त्रासाची 0 ते 3 अशी प्रतवारी बसवली आहे. घशावर स्टेथोस्कोप लावून ऐकायचं, तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, पुन्हा ऐकायचं. यंत्र लागत नाही, कुठल्याही गावच्या डॉक्टरांना करता येतं. आवर्जून करून मागा, मात्र सकाळच्या गारव्यात. छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासनळीची रुंदी आणि फुप्फुसं दिसतात. टाळू किती लांब आहे ते मात्र भूल दिल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलेत उरकतात.

शस्त्रक्रिया ऐकायला सोपी आहे. नाकपुडीच्या कडेची पाचर कापून टाके घालायचे, की नाकपुडी उघडते. लोंबणारा टाळू स्वरयंत्राच्या झाकणाच्या टोकापर्यंत आखूड करायचा. कमी कापला तर त्रास राहतो, जास्त कापला तर अन्नपाणी नाकात चढतं. उलटलेल्या पिशव्या आड येत असतील तर काढायच्या. कात्रीने, लेझरने किंवा रक्तवाहिन्या बंद करत कापणाऱ्या यंत्राने करतात. आमच्याकडे लोक लेझर आहे का एवढंच विचारतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो, कारण या कुत्र्यांचा जीव टेबलावर कमी आणि नंतरच्या रात्रीत जास्त टांगलेला असतो.

मोत्याची शस्त्रक्रिया पुण्यात झाली, सकाळी. सगळं उत्तम झालं, संध्याकाळी घेऊन जा, म्हणाले. भिगवण ओलांडलं आणि त्याची घरघर बदलली. श्वास आत ओढताना बारीक शिटीसारखा आवाज, पोट आत खेचलं जातंय, बसवेना, निजवेना. कापलेल्या जागी सूज चढत होती. सोलापूर अजून दूर, वाटेत ऑक्सिजन मिळेल असं कुत्र्यांचं रुग्णालय माहीत नाही. आम्ही गाडी पुण्याकडे वळवली. दुसऱ्या एका रुग्णालयात रात्रपाळीला डॉक्टर होते. त्यांनी पुन्हा भूल देऊन श्वासनळीत नळी घातली, सुजेवर औषध दिलं आणि तो पूर्ण जागा होऊन मान उचलून बघू लागेपर्यंत नळी काढली नाही. या कुत्र्यांच्या बाबतीत नळी शक्य तितकी उशिरा काढायची असते, हे तिथे कळलं. नळीमुळे मिळणारा मोकळा श्वास त्यांना बहुधा इतका आवडतो की जागी झाल्यावरही ती निमूट बसून राहतात. पहिले चोवीस तास सुजेचे आणि उलटी फुप्फुसात जाण्याच्या भीतीचे. वेळ आलीच तर गळ्याला तात्पुरतं छिद्र पाडून नळी बसवावी लागते, आणि ती तयारी आधीपासून हवी.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विचारा: पहिली रात्र कुत्रं कुठे असेल आणि त्याच्याजवळ जागं कोण असेल? माणसाचं नाव विचारा. 'सीसीटीव्ही आहे' हे उत्तर नव्हे. भूल देणारा डॉक्टर वेगळा आहे का, भुलेआधी ऑक्सिजन आणि उलटी-आम्लाची औषधं देतात का, अशी शस्त्रक्रिया नेहमी करतात का, हेही विचारा. प्रश्नांनी रागावणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नका. सोलापूरकरांनी शस्त्रक्रियेच्या गावी निदान दोन-तीन रात्री मुक्काम धरूनच जावं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. शिरवळ आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत. सल्ल्यासाठी तिथे चौकशी करायला हरकत नाही.

शक्यतो पिल्लू वर्षाचं झालं की डॉक्टरांना दाखवा. आधी वजन उतरवा, कारण गळ्यातली चरबी तीच वाट अडवते. भाकरीचे लाडाचे तुकडे बंद. काळ नोव्हेंबर-डिसेंबरचा धरा. गड्डा यात्रेतल्या दारूकामाच्या सुमाराला नको, घाबरून भुंकलं की टाक्यांवर ताण येतो. नंतर दोनेक आठवडे मऊ अन्नाचे छोटे गोळे हाताने भरवायचे, समोर बसून. गळ्यात पट्टा कायमचा बंद, छातीला हार्नेस.

मोत्या आता आडवा होऊन झोपतो, तोंड मिटून. घोरतो, पण कमी. तो लांब नाकाचा झालेला नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर बाहेर जात नाही आणि कूलरची खोली त्याचीच आहे. शस्त्रक्रियेने एवढंच मिळतं, आणि ते पुष्कळ आहे.

नवं कुत्रं घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. याच पट्ट्यात, सोलापूर-विजापूरकडे, कारवानी कुत्री आहेत. लांब नाकाची, उन्हात हरणामागे धावणारी. आपल्या हवेत घडलेली जात दारात असताना आपण चपटं नाक विकत आणतो, याचं मला नवल वाटतं. नेदरलँड्सने 2019 पासून अतिचपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर नाकाच्या लांबीची अट घातली. आपल्याकडे 2017 च्या नियमांनी ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. नाकाबद्दल अट नाही. तेव्हा ती तुम्हीच घाला. तरीही पगच हवा असेल तर पिल्लाचे आई-बाप दोन्ही समोर आणायला सांगा, अंगणात तीन मिनिटं पळवायला लावा आणि कान देऊन ऐका. दाखवायला टाळाटाळ झाली तर पिल्लू घेऊ नका.