बीएस्सीत एटीकेटी, आता एमबीबीएस?

प्रश्न : वडिलांच्या आजारपणात बीएस्सीचे विषय राहिले, पदवी कशीबशी मिळाली. आता वय २६. डॉक्टर व्हायची इच्छा काही जात नाही. उशीर झाला का?

उत्तर : प्रवेशापुरतं बोलायचं तर नाही. नीटची कमाल वयोमर्यादा २०२२मध्येच काढून टाकली गेली. एटीकेटीची काळजी तर सोडूनच द्या. गुणवत्ता यादी नीटच्या ७२० गुणांवरून लागते, पदवीचे गुण त्यात धरत नाहीत. बारावीला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के लागतात. ती गुणपत्रिका आजच कपाटातून काढून बघा.

खरा हिशेब वर्षांचा आहे. साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप. तयारी धरून पदवी हाती येईपर्यंत बत्तिशी उलटेल. कर्ज काढून खासगी महाविद्यालयात जा, असं मी सांगणार नाही. सरकारी जागेसाठीच झटा.

अभ्यास अकरावीच्या एनसीईआरटी जीवशास्त्रापासून, ओळ न ओळ. चुकलेल्या उत्तरामागे एक गुण कापतात, म्हणून सराव घड्याळ लावूनच करा. आणि वडिलांचं दवाखाना-औषधपाणी कोण बघणार, हे फॉर्म भरण्याआधी भावंडांशी स्पष्ट बोलून ठरवा. मागच्या वेळी तुम्हाला अभ्यासाला वेळच मिळाला नव्हता.